दंगलीच्या आधीचं काम

2018 च्या मार्चमध्ये रामनवमीच्या मिरवणुकीनंतर पश्चिम बंगालमधल्या आसनसोल शहरात दंगल पेटली. तिथल्या नूरानी मशिदीचे इमाम मौलाना इमदादुल रशिदी यांच्या सोळा वर्षांच्या मुलाला जमावाने ओढून नेलं आणि नंतर सापडला तो त्याचा मृतदेह. मुलाने नुकतीच दहावीची परीक्षा दिली होती. जनाज्याला हजारो माणसं लोटली. त्यांतले तरुण बदल्याची भाषा बोलत होते. त्या गर्दीपुढे उभं राहून बापाने सांगितलं की कुणाच्याही घराला, दुकानाला हात लागता कामा नये. माझ्या मुलाच्या नावाने कुणी एकाही माणसाला इजा केली, तर मी ही मशीद आणि हे शहर सोडून निघून जाईन. लोक आपापल्या घरी गेले.

बातमी देशभर पोचली तेव्हा बहुतेकांनी ती एका संतवृत्तीच्या माणसाची गोष्ट म्हणून वाचली. माणूस थोर होताच. पण गोष्ट तेवढ्यावर सोडून दिली तर आपल्या हाती काही लागत नाही, कारण थोर माणूस मागवून आणता येत नाही. विचारायला हवा तो दुसराच प्रश्न: एवढ्या संतापलेल्या गर्दीने त्यांचं ऐकलं कसं? रशिदी त्या मशिदीत जवळपास तीस वर्षं इमाम होते. मोहल्ल्यात इतकी वर्षं काढलेल्या इमामाने कुणाच्या आईवडिलांचा निकाह लावलेला असतो, कुणाच्या आजोबांच्या मयतीला नमाज पढलेली असते, कुणाचा घरगुती तंटा मिटवलेला असतो. म्हणून ‘मी निघून जाईन’ या शब्दांना वजन आलं. आदल्या दिवशी शहरात उतरलेल्या एखाद्या नेत्याने तेच शब्द उच्चारले असते, तर जमावाने त्याला बाजूला सारलं असतं.

शांततेचं काम म्हटलं की मेणबत्त्या, मूक मोर्चा, सद्भावना सभा असं चित्र डोळ्यांपुढे येतं. मोर्चे निघायला हवेतच. पण सुडाची हाक उठते त्या पहिल्या दहा-बारा तासांत गर्दी कुणाचं ऐकते, हे मोर्चात ठरत नाही. ते आधीच्या कित्येक वर्षांच्या अगदी साध्या, कंटाळवाण्या कामात ठरलेलं असतं. आपल्याकडे भिवंडीने हे दाखवून दिलं आहे, आणि त्याची आठवण महाराष्ट्रातच पुसट होत चालली आहे याचं मला फार वाईट वाटतं.

सुडाची हाक तयार कशी होते, ते आधी पाहू. 6 डिसेंबर 1992 ला बाबरी मशीद पाडल्यानंतर मुंबईत आठवडाभर दंगल झाली आणि ओसरली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात डोंगरीत माथाडी कामगारांच्या हत्या झाल्या. पाठोपाठ जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीत घराला बाहेरून कडी घालून आग लावण्यात आली, त्यात सहा माणसं गेली. दोन्ही गुन्हे भयंकर होते. ते करणारी माणसं मोजकी होती आणि त्यांना शोधून शिक्षा देणं हे पोलिसांचं काम होतं. पण शहरभर जी गोष्ट पसरली तिच्यात गुन्हेगार ही मोजकी माणसं उरली नव्हती. ‘त्यांनी आपल्याला मारलं’ असं वाक्य तयार झालं होतं. ‘त्यांनी’ या शब्दात मग बांद्र्याचा बेकरीवाला आला, परळचा शिंपी आला आणि ज्या पोराने डोंगरी कधी पाहिलंही नव्हतं तेही आलं. दंगलीची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात या दोन घटनांच्या अतिरंजित वर्णनांचा उल्लेख केला आहे आणि भडक लिखाणासाठी दोन मराठी वर्तमानपत्रांची नावंही घेतली आहेत. दोन्ही टप्पे मिळून मृतांचा आकडा 900 झाला: 575 मुस्लिम, 275 हिंदू, 45 अनोळखी आणि 5 इतर. त्यांतले 356 जण पोलिसांच्या गोळीबारात मेले.

त्या जानेवारीत अरबस्तानातून हत्यारांनी भरलेल्या बोटी किनाऱ्याला लागणार असल्याची अफवा उठली. शिकलीसवरलेली, एरवी विचारी माणसं गाड्यांचे दिवे समुद्राकडे लावून रात्र रात्र दादरच्या चौपाटीवर पहारा देत होती. बोटी आल्या नाहीत. पण रात्री पहारा देणारा माणूस सकाळी आपल्या मुसलमान शेजाऱ्याकडे पूर्वीच्या नजरेने पाहू शकत नाही. अफवेचं खरं काम तेवढंच असतं. ती खोटी ठरली तरी तिने पेरलेली भीती मागे राहते, आणि सूड उगवायला भीती पुरते.

याच दिवसांत मुंबईपासून पन्नास किलोमीटरच्या आत असलेली भिवंडी शांत राहिली.

भिवंडीचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वाक्य दोनदा वाचावं लागेल. 7 मे 1970 ला शिवजयंतीच्या मिरवणुकीत तिथे दंगल झाली आणि तिची झळ जळगावपर्यंत गेली. चौकशीसाठी नेमलेल्या न्या. मादन आयोगाने पोलिसांच्या वागण्यावर कडक ताशेरे ओढले. 1984 च्या मे महिन्यात पुन्हा आग लागली. ती ठाणे आणि मुंबईत पसरली आणि अडीचशेहून अधिक माणसं मेली. मुंबई-ठाण्याच्या पोलिसांत भिवंडी म्हणजे बंदोबस्त, असंच समीकरण होतं. डिसेंबर 1992 मध्ये दंगल कुठे होईल असं कुणाला विचारलं असतं, तर पहिलं नाव भिवंडीचं आलं असतं.

मधल्या काळात तिथे एक गोष्ट घडली होती. 1988 मध्ये सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. जुनी पद्धत अशी होती की सण तोंडावर आला की शांतता समितीची बैठक बोलवायची. बैठकीला दोन्ही बाजूंचे पुढारी, नगरसेवक आणि वजनदार व्यापारी येत. चहा व्हायचा, ‘आपण सगळे भाऊ भाऊ’ अशी भाषणं व्हायची आणि मंडळी उठायची. यातल्या काहींचं वजनच मुळी तणावावर पोसलेलं असायचं. गावात भांडण नसेल तर त्यांच्याकडे मध्यस्थीला कोण जाणार? खोपड्यांनी ही समिती बाजूला ठेवली आणि मोहल्ल्यामोहल्ल्यात समित्या बांधल्या. अशा सुमारे सत्तर समित्या झाल्या. त्यांत दोन्ही समाजांची माणसं बरोबरीने घेतली, आणि ती घेताना पुढारी टाळून कारागीर, दुकानदार, शिक्षक, रिक्षावाले, घर चालवणाऱ्या बाया अशी साधी माणसं निवडली. बैठक मोहल्ल्यातच व्हायची आणि त्या भागाचे पोलीस तिथे येऊन बसायचे.

बैठकीत धर्मावर प्रवचनं होत नसत. विषय असायचे नळाच्या रांगेतलं भांडण, गटार तुंबल्याची तक्रार, भाड्याच्या खोलीचा वाद, दारू पिऊन बायकोला मारणारा नवरा, रात्री उशिरापर्यंत वाजणारा भोंगा. तिथल्या तिथे जे मिटेल ते मिटवायचं, जे मिटणार नाही ते पोलिसांनी लिहून घ्यायचं. दंगलीशी याचा काय संबंध, असा प्रश्न तेव्हा पोलीस खात्यातही विचारला गेला असेल. पण दंगलीची काडी बहुधा अशाच एखाद्या भांडणात पडते. दोन घरांच्या भांडणात एक घर हिंदू आणि एक मुसलमान असलं की ते दोन घरांचं राहत नाही. समितीने ते भांडण वेळेवर पुन्हा दोन घरांपुरतं आणून ठेवलं.

दुसरा फायदा त्याहून मोठा होता. लोकांना एकमेकांची नावं कळली. पद्मानगरातला तेलुगू बोलणारा पद्मशाली विणकर, निजामपुऱ्यातला मोमीन लूममालक आणि उत्तर प्रदेशातून आलेला कारागीर यांचं पोट यंत्रमागाच्या एकाच धंद्यावर होतं. व्यापारी सूत देणार, लूममालक मजुरीवर कापड विणून देणार, साईझिंगवाला, टेम्पोवाला, हमाल या सगळ्यांची साखळी एकच. तरीही 1984 मध्ये या साखळीने कुणाला वाचवलं नव्हतं. धंद्याचं नातं दुकान बंद झालं की संपतं. रात्री दहा वाजता ‘त्या गल्लीत आपल्या पोराला भोसकलं’ अशी बातमी आली, तर त्या गल्लीत कुणाकडे जाऊन विचारायचं, हे धंदा शिकवत नाही. समितीने ते शिकवलं. मुंबईत डिसेंबर पेटला तेव्हा खोपड्यांच्या जागी दुसरे अधिकारी आले होते, पण समित्या जागेवर होत्या. अफवा आली की समितीतली माणसं पलीकडच्या गल्लीत जाऊन खातरजमा करून येत आणि आपल्या लोकांना सांगत. मुंबई जळाली, मग भिवंडी का नाही, हा प्रश्न घेऊन खोपड्यांनी पुढे मराठीत पुस्तकच लिहिलं.

अमेरिकेत शिकवणारे राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी याच प्रश्नाचा मोठा अभ्यास केला आणि 2002 मध्ये तो पुस्तकरूपाने आला. 1950 ते 1995 या काळातल्या हिंदू-मुस्लिम दंगलींची नोंद काढल्यावर त्यांना दिसलं की दंगल हा मुख्यतः शहरांचा रोग आहे, आणि त्यातही जवळपास निम्मे मृत्यू अवघ्या आठ शहरांत झाले आहेत. मग कालिकत आणि अलीगढ, लखनौ आणि हैदराबाद, सुरत आणि अहमदाबाद अशा जोड्या घेऊन त्यांनी पाहिलं की एक शहर शांत का राहतं आणि दुसरं का पेटतं. त्यांचं म्हणणं असं की एकमेकांच्या घरी ईदेला शीरखुर्मा आणि दिवाळीला फराळ जाणं चांगलंच आहे, खेड्यात तेवढं पुरतंही. शहरात मात्र पुरत नाही. शहरात टिकतात ते संघटनेचे धागे. जिथे दोन्ही समाजांची माणसं एकाच कामगार संघटनेत, व्यापारी मंडळात, वाचनालयात, पक्षात एकत्र काम करतात, तिथे पुढाऱ्याला दंगल पेटवणं जड जातं, कारण ती पेटली तर त्याच्याच संघटनेचे दोन तुकडे होतात. सुरतेचं उदाहरण बोलकं आहे. डिसेंबर 1992 मध्ये तिथल्या जुन्या शहरात, जिथे पिढ्यान्‌पिढ्यांचे व्यापारी संबंध होते, लोकांनी मिळून शांतता राखली. क्रूर हिंसा झाली ती कारखान्यांभोवती नव्याने उभ्या राहिलेल्या वस्त्यांत, जिथे सगळेच उपरे होते आणि कुणाचं कुणाशी काहीच बांधलेलं नव्हतं.

म्हणूनच वसंतराव हेगिष्टे आणि रजब अली लाखाणी यांच्याबद्दल मला अपार आदर असूनही त्यांच्या मृत्यूकडे मी एक इशारा म्हणूनही पाहतो. वसंतराव मराठी घरातले, अहमदाबादेत वाढलेले. दोघेही काँग्रेस सेवादलात होते. 1 जुलै 1946 ला रथयात्रेच्या दिवशी दंगल पेटली तेव्हा जमालपूर भागात ते जमावाच्या आडवे गेले आणि दोघेही मारले गेले. अशा वेळी मधे पडणारी माणसं दोनच असतील तर त्यांना जीव द्यावा लागतो. पन्नास-साठ ओळखीचे चेहरे असतील तर बहुधा जमावच पांगतो.

मुंबईने धडा उशिरा घेतला, पण घेतला. दंगलीनंतर निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी आणि शांततेसाठी काम करणाऱ्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिट्यांची चळवळ उभी राहिली. सुशोभाताईंची वाट आधीच ठरलेली असावी: 1984 मध्ये इंदिरा गांधींच्या हत्येनंतर रेल्वेच्या डब्यात शीख सहप्रवाशांवर जमावाने केलेला हल्ला त्यांनी समोर पाहिला होता. कमिट्यांना सगळ्यात अवघड गेलं ते पोलीस आणि मुस्लिम वस्त्या यांना समोरासमोर बसवणं. ज्यांच्या घरातलं माणूस पोलिसांच्या गोळीने गेलं होतं, त्यांनी पोलीस ठाण्याची पायरी का चढावी? तिथे आधी त्यांचं सगळं ऐकून घ्यावं लागलं, तेही पोलिसांना बसवून. मग हळूहळू वस्त्यांत क्रिकेटचे सामने सुरू झाले, ज्यांत मोहल्ल्यातली पोरं आणि पोलीस एकत्र खेळू लागले.

धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान या जोडीने हेच काम आपल्या पद्धतीने केलं. भाऊ शाळेत नोकरी केलेले, वकारभाई कपड्यांचा धंदा करणारे. वकारभाईंनी चार मुलांना हिंदू, मुस्लिम, शीख आणि ख्रिस्ती धर्मगुरूंचे वेष चढवून त्यांचा फोटो काढून घेतला, खाली ‘हम सब एक हैं’ असं लिहिलं आणि पोस्टर छापलं. ते गल्लीबोळांत आणि पोलीस ठाण्यांतही लागलं. पोस्टर भाबडं वाटेल. पण ते लावायला ही जोडी ज्या ज्या दारात गेली, त्या प्रत्येक दारात एक हिंदू आणि एक मुसलमान बरोबर उभे होते, आणि लोकांच्या लक्षात राहिलं ते हे. अंजली मोंटेरो आणि के. पी. जयशंकर यांनी ‘नाता’ या माहितीपटात या दोघांना टिपून ठेवलं आहे. हाती लागला तर जरूर पाहावा.

पुढे 11 जुलै 2006 ला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट होऊन जवळपास दोनशे प्रवासी मेले, तरी शहरात दंगल झाली नाही. त्याच वर्षी 8 सप्टेंबरला मालेगावात शब-ए-बारातच्या दिवशी कब्रस्तानाजवळ स्फोट होऊन तीसहून अधिक माणसं गेली, तरी मालेगाव पेटलं नाही. याचं सगळं श्रेय कमिट्यांना देणं अतिशयोक्ती होईल. पण बदल्याची हाक देणारे दोन्ही वेळा होते आणि त्यांना गर्दी मिळाली नाही, एवढं नक्की.

या कामावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो मला गंभीर वाटतो. शांत राहा असं सांगणं म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला त्याला गप्प बसवणं नव्हे का? मुंबईच्या दंगलीत शिक्षा फार थोड्यांना झाली. राधाबाई चाळीच्या खटल्यातही टाडा न्यायालयाने दिलेल्या शिक्षा सर्वोच्च न्यायालयात टिकल्या नाहीत. बेपत्ता माणसांच्या वारसांना शोधून भरपाई द्या, असं नोव्हेंबर 2022 मध्ये, तीस वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाला राज्य सरकारला सांगावं लागलं. न्याय मिळत नाही तिथे सूड मागणाऱ्याकडे एक धारदार वाक्य तयार असतं: ‘कायद्याने काय केलं?’ शांततेचं काम करणाऱ्याकडे याचं उत्तर हवं. म्हणून जाणते कार्यकर्ते पहिल्यांदा मृताच्या घरी जातात. फिर्याद नोंदवून घेतात, जखमीला इस्पितळात नेतात, पंचनामा होईपर्यंत थांबतात, भरपाईचे कागद भरून देतात. गुन्हेगार हा नाव-पत्ता असलेला माणूस आहे, त्याचा समाज नव्हे, असं म्हणायचं असेल तर त्या नाव-पत्त्याच्या माणसाला पकडा, असा आग्रहही त्यांनीच धरायला हवा. हा आग्रह सोडून केलेलं सलोख्याचं आवाहन पीडिताला चेष्टाच वाटतं, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

भिवंडीतही सगळं कायम टिकलं नाही. 5 जुलै 2006 ला क्वार्टर गेटजवळच्या जागेवर पोलीस ठाणं बांधण्यावरून वाद पेटला. जागा कब्रस्तानाची आहे असं लोकांचं म्हणणं होतं. पोलिसांच्या गोळीबारात दोघांचा जीव गेला आणि नंतर जमावाने दोन पोलिसांना ठार मारलं. तो हिंदू-मुस्लिम दंगा झाला नाही, ही जमेची बाजू. पण ज्या पोलिसांबरोबर लोक एकेकाळी गल्लीत बसून नळाची भांडणं मिटवत होते, त्याच खात्याशी एका जागेच्या वादावर बोलायला मधली माणसं उरली नव्हती. समित्या अधिकाऱ्याच्या उत्साहावर उभ्या असल्या की बदलीचा हुकूम त्यांना पोखरत जातो. खोपड्यांच्या प्रयोगाचं मोल यामुळे कमी होत नाही. पण ही कामं सरकारी आदेशात बसवली नाहीत आणि लोकांनी आपली मानली नाहीत, तर पुढची पिढी ती चालवत नाही.

आता अफवेला गल्ली ओलांडायला रात्र लागत नाही. 2023 च्या जूनमध्ये कोल्हापुरात काही पोरांनी मोबाईलवर ठेवलेल्या स्टेटसवरून दुसऱ्या दिवशी रस्त्यावर दगडफेक आणि लाठीमार झाला, तोही शाहू महाराजांच्या गावात. गणपती आणि ईद यांच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक आजही जवळपास सगळीकडे होते. तिला येणारे बहुतेक पन्नाशीच्या पुढचे असतात, बाया क्वचित असतात, आणि ज्या वयाची पोरं स्टेटस ठेवतात किंवा ‘चौकात जमा’ हा निरोप पुढे ढकलतात, त्या वयाचं तिथे कुणीच नसतं. खोपड्यांनी 1988 मध्ये पहिल्यांदा बदललं ते बैठकीला कुणाला बोलवायचं हेच. ते आज करायचं असेल तर सण नसलेल्या महिन्यात, जिमच्या, क्रिकेटच्या मैदानाच्या, कॉलेजच्या पोरापोरींना बोलवावं लागेल, आणि विषय त्यांच्याच भांडणांचे ठेवावे लागतील: मैदान कुणी वापरायचं, गाड्या कुठे लावायच्या, मुलींची छेड कोण काढतं. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. पोलीस ठाण्याच्या हद्दीत एक खोली, महिन्यातली एक संध्याकाळ आणि बदली झाली तरी ही बैठक चालू ठेवणारा अधिकारी एवढं लागतं.